ताडोबाची राखण कशी होते?

जानेवारी सुरू झाला की ताडोबाच्या जंगलात वनखात्याची माणसं स्वतःच आग लावतात. रस्त्यांच्या कडेनं, परिक्षेत्रांच्या हद्दीवरून ठरलेल्या रुंदीचा पट्टा आखायचा, त्यातलं गवत-झुडूप कापायचं, वाळू द्यायचं आणि वारा पडलेला पाहून, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून ते जाळून टाकायचं. याला जाळरेषा म्हणतात. हे काम १५ फेब्रुवारीच्या आत उरकावं लागतं, कारण तिथून १५ जूनपर्यंत वणव्याचा हंगाम धरतात. जाळरेषा नीट झाली असेल तर आग त्या मोकळ्या पट्ट्यापाशी येऊन थांबते, निदान तिच्याशी झगडणाऱ्यांना उभं राहायला जागा मिळते. झाली नसेल तर एप्रिलमधली एकच दुपार पुरते.

हे जंगल कोरड्या पानगळीचं आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह आणि त्यांच्याखाली दाट बांबू. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळतात, जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर साचतो, आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. तरी आग आपोआप लागत नाही. ती जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून लागते आणि बहुतेक वेळा त्यामागे दुष्टावा नसतो. मोहाची फुलं पहाटे गळतात, पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ केली जाते. जळून गेलेल्या तेंदूच्या झुडपाला चांगली कोवळी पानं फुटतात असं मानतात, आणि विडीसाठी तशीच पानं लागतात. कुणाचा तरी सकाळचा जाळ विझायचा राहतो आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर डोंगर चढतो. उपग्रहाला उष्णतेचा ठिपका दिसला की देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून त्या भागातल्या कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह संदेश येतो. ही मोठीच सोय झाली आहे. पण तिथवर चालत जाणं, ब्लोअरनं पाचोळा उडवून आगीच्या वाटेतली जमीन मोकळी करणं, हिरव्या फांद्यांनी ज्वाळा झोडपणं, हे काम माणसालाच करावं लागतं, तेही भर उन्हात.

आगीपासून सुरुवात केली, कारण राष्ट्रीय उद्यान राखणं म्हणजे वाघ राखणं अशी आपली कल्पना असते. वाघासाठी खरं तर फारसं काही करावं लागत नाही. त्याला चितळ-सांबर मिळालं, पाणी मिळालं, पिल्लं वाढवायला निवांत जागा मिळाली आणि कुणी मारलं नाही, तर तो आपला आपण वाढतो. राखावं लागतं ते गवत, पाणी आणि हद्द. त्याहून अवघड म्हणजे हद्दीवरच्या गावांशी असलेला संबंध राखावा लागतो.

आता ही हद्द म्हणजे नेमकी काय, ते पाहू. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली जाहीर झालं, तेव्हा चंद्रपूर जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. या उद्यानाचं क्षेत्र फक्त ११६ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्याला लागून १९८६ मध्ये सुमारे ५०९ चौरस किलोमीटरचं अंधारी अभयारण्य झालं. पुढे नव्वदच्या दशकात दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. हे सव्वासहाशे चौरस किलोमीटर म्हणजे आजचा गाभा, ज्याला सगळे कोअर म्हणतात. त्याच्याभोवती २०१० मध्ये सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा बफर जाहीर झाला, आणि त्यात गावं, शेतं, रस्ते, गुरं, शाळा सगळं आलं.

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प हे तीन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, पण कायद्यात त्यांचं वजन वेगवेगळं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला सरसकट बंदी आहे, अभयारण्यात मात्र चराईचं नियमन करून ती चालू ठेवता येते. उद्यान अंतिमतः घोषित करण्याआधी तिथल्या जमिनीवरचे लोकांचे हक्क तपासून निकालात काढावे लागतात. एकदा ठरलेली हद्द राज्य सरकारला मनासारखी बदलता येत नाही, त्यासाठी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. व्याघ्र प्रकल्पाची स्वतंत्र तरतूद या कायद्यात २००६ च्या दुरुस्तीनं आली. त्याच दुरुस्तीनं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झालं, आणि प्रत्येक प्रकल्पाला व्याघ्र संवर्धन आराखडा बंधनकारक झाला. कोणत्या भागात कुरण वाढवायचं, कुठे पर्यटन ठेवायचं, कोणत्या गावांशी काय बोलायचं, हे त्या आराखड्यात लिहिलेलं असतं. कोअर निर्मनुष्य आणि निवांत ठेवायचा, बफरमध्ये माणसानं आणि जनावरानं एकत्र राहायचं, ही त्यामागची मूळ कल्पना. कागदावर ती फार स्वच्छ दिसते.

प्रकल्पाचा प्रमुख म्हणजे क्षेत्र संचालक. त्याच्या हाताखाली कोअर आणि बफर यांचे उपसंचालक, मग सहायक वनसंरक्षक, मग वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणजे बोलीतला आरएफओ, त्याखाली वनपाल आणि सर्वांत शेवटी वनरक्षक. वनरक्षकाच्या ताब्यात जो तुकडा असतो त्याला नियतक्षेत्र म्हणतात. सगळे ‘बीट’च म्हणतात. माझ्या मते या अख्ख्या उतरंडीत जंगल खऱ्या अर्थानं ओळखतो तो बीटगार्डच, आणि त्याच्याबरोबर चालणारा वनमजूर. वरचे अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलून जातात. वनमजूर बहुतेकदा शेजारच्याच गावातला असतो आणि आयुष्यभर तिथेच राहतो. कोणत्या नाल्याला मार्चपर्यंत पाणी टिकतं, कोणत्या वाटेनं बाहेरचा माणूस आत शिरतो, हे त्याला विचारल्याशिवाय कोणताही आराखडा नीट लिहिता येणार नाही.

दिवस पायी गस्तीनं सुरू होतो. जंगलात आतवर संरक्षण कुट्या आहेत. दोन-चार माणसं तिथेच राहतात, स्वयंपाक तिथेच, पाणी जवळच्या हातपंपाचं किंवा टँकरनं आणलेलं. मोबाइलला रेंज नसते, वायरलेसवर हजेरी द्यायची. गस्तीला निघताना फोनमधलं एम-स्ट्राइप्स हे ॲप चालू करतात. माणूस कुठून कुठे चालला याची रेघ त्यात उमटते आणि वाटेत दिसलेलं पाऊल, विष्ठा, झाडावरचा ओरखडा, तोडलेला बांबू, संशयास्पद राख, सगळं जागेसकट नोंदवलं जातं. महिनाअखेरीस नकाशावर कोणत्या भागात माणूस फिरकलाच नाही ते उघड दिसतं. पूर्वी गस्तीची नोंद वहीत व्हायची आणि ती तपासायला काही साधन नव्हतं; हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

नजर मात्र ॲपला देता येत नाही. दुचाकीच्या क्लचची तार वळवून केलेला फास रानवाटेवर झुडपात लावलेला असतो, तो दोन पावलांवरूनही चटकन दिसत नाही. त्यासाठी गस्तीवाले काठीनं गवत चाळत, दोन्ही कडा बघत हळू चालतात. फास बहुधा रानडुक्कर किंवा चितळासाठी असतो, पण त्यात वाघ, बिबट्याही अडकतो आणि पोटात किंवा गळ्यात तार रुतून दिवसेंदिवस तसाच फिरतो. दुसरा प्रकार विजेचा. शेतावरून गेलेल्या वाहिनीवर आकडा टाकून जमिनीलगत उघडी तार ओढायची, रात्री तिच्यात प्रवाह सोडायचा. यात जनावरं मरतात, कधी माणसंही मरतात. म्हणून जंगलालगतच्या वाहिन्यांवर वनखातं आणि महावितरण यांनी मिळून गस्त घालणं गरजेचं असतं. तिसरा प्रकार लोखंडी सापळ्यांचा, आणि तो संघटित टोळ्यांचा. त्यांचं लक्ष्य वाघच असतो. व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमधल्या शिकारीला कायद्यानं पहिल्या गुन्ह्यात किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आहे. पण खटला टिकतो तो पंचनामा नीट झाला तरच. त्यामुळे वनरक्षकाला जंगलाइतकीच कागदाची शिस्त लागते. महाराष्ट्रात ताडोबा, मेळघाट, पेंच यांसारख्या प्रकल्पांत विशेष व्याघ्र संरक्षण दलाच्या तुकड्याही आहेत.

वाघ मेलेला सापडला तर नियम असा की उलट सिद्ध होईपर्यंत ती शिकारच समजायची. जागा सुरक्षित करायची, शवविच्छेदन पशुवैद्यकांनी करायचं, त्या वेळी प्राधिकरणाचा आणि स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी हजर ठेवायचा, अवयवांचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवायचे आणि मग कातडी, नखं, दातांसकट संपूर्ण देह सर्वांसमोर जाळायचा. यामागे कारण एकच: एक मिशीसुद्धा बाजारात जाता कामा नये.

मोजणीबद्दल बरेच गैरसमज आहेत. पूर्वी पावलांच्या ठशांवरून वाघ मोजत. आता तसं करत नाहीत. देशभरात दर चार वर्षांनी गणना होते. तिच्यासाठी जंगलाचे साधारण २ चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात, माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर. दोन कॅमेरे अशासाठी की वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशांसारखेच ते प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे संगणक फोटो जुळवून कोणता वाघ कोणता ते सांगतो. काही वाघ कॅमेऱ्यात येतच नाहीत. त्यांचा अंदाज संख्याशास्त्रानं काढतात. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज निघाला. याच गणनेत चितळ-सांबर मोजायला ठरलेल्या सरळ रेषेवरून पहाटे चालायचं असतं, मांसभक्षकांच्या खुणा शोधायला वेगळं काही किलोमीटर चालायचं असतं, आणि हे प्रत्येक बीटमध्ये.

या चालण्याची किंमत ताडोबानं मोजली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा परिक्षेत्रात एक महिला वनरक्षक तीन मजुरांबरोबर गणनेच्या खुणांची पाहणी करत होती. पुढे रस्त्यावर वाघीण बसलेली दिसली. ती उठेल म्हणून सगळे बराच वेळ थांबले. उठेना, तेव्हा झाडीतून वळसा घालून जायचं ठरलं. वाघीण मागून आली आणि सर्वांत मागे चालणाऱ्या त्या वनरक्षकावर झेपावली. त्यात तिचा मृत्यू झाला. ‘वाघांची संख्या वाढली’ अशी बातमी वाचताना मला दरवेळी हा प्रसंग आठवतो. तो आकडा अशा पायांनी चालून आलेला असतो, आणि तरीही या कर्मचाऱ्यांच्या हातात अजून बहुतेकदा काठीच असते.

पाण्याचं काम उन्हाळ्यात सगळ्यात जास्त दिसतं. ताडोबा तलाव, कोळसा आणि तेलिया तलाव, अंधारी नदीतले डोह, इरई धरणाचं पाणी असे मोठे साठे आहेत, पण त्यांच्यापासून लांबच्या भागांत पाणवठे तयार करावे लागतात. बोअर घेऊन त्यावर सौर पंप बसवले की माणूस न जाताही बशीसारखा उथळ खड्डा भरत राहतो. उथळ अशासाठी की पिल्लं, पक्षी, सरपटणारे प्राणी बुडू नयेत. पाणवठे हवे तेवढे खणत जाणं मात्र चुकीचं. पाणी असेल तिथे तृणभक्षी तळ ठोकतात आणि भोवतालचं गवत मुळासकट संपवतात. पाणवठ्यावर रोज नजर टाकावी लागते, कारण विष कालवणं ही शिकारीची जुनी रीत आहे. काठावर मेलेले बेडूक, मासे, पक्षी दिसले की धोका समजायचा.

गवताचा भाग कमी चर्चेचा, पण त्यावरच वाघाचं पोट अवलंबून आहे. तृणभक्षी भरपूर असतील तरच वाघ टिकतो आणि तृणभक्षींना उघडी कुरणं लागतात. जंगल जितकं दाट तितकं चांगलं, हा समज चुकीचा आहे. कुरण नुसतं सोडून दिलं तर त्यात तरोटा, घाणेरी, रानतुळस माजतात. ते चितळ खात नाही. त्यामुळे पावसाळ्यात, बी धरायच्या आत, मजूर ही झुडपं मुळासकट उपटून काढतात. बी पडलं की पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा. पवन्या, मारवेल अशा गवतांचं बी गोळा करून पेरतात. हे सगळं काही वर्षं सातत्यानं केलं तर फरक दिसतो, एखादं वर्ष निधी उशिरा आला तर मेहनत वाया जाते.

ताडोबातली काही उत्तम कुरणं म्हणजे उठून गेलेल्या गावांची शेतं आहेत. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं कोअरमधून बाहेर वसवण्यात आली आणि त्यांच्या धानाच्या बांध्यांवर गवत आलं. आज जामणीच्या कुरणात चितळांचे कळप पाहून पर्यटक हरखतात. तिथे घरं होती, देवळं होती, विहिरी होत्या हे त्यांना बहुधा कुणी सांगत नाही, सांगायला हवं. कायद्यानं पुनर्वसन ऐच्छिक आहे, ग्रामसभेची संमती लागते आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे आधी निकाली काढायचे असतात. प्रत्येक पात्र कुटुंबाला आधी १० लाख रुपये मिळत, २०२१ पासून १५ लाख. किंवा रोख न घेता वनखात्याकडून जमीन-घरासह वसाहत. दवाखाना नाही, पक्का रस्ता नाही, पिकाला रानडुकरांचा त्रास, म्हणून अनेक कुटुंबांना बाहेर पडायचंच असतं. पण नव्या जागी पाणी पोहोचलेलं नसेल, मंजूर झालेली शेतजमीन मुरमाड निघाली, तर त्या संमतीला अर्थ उरत नाही. एका गावाचं पुनर्वसन नीट झालं की पुढचं गाव स्वतः विचारायला येतं. फसलं की दहा वर्षं कुणी दार उघडत नाही.

या जंगलाचं नाव ज्या तारूवरून पडलं, तो गोंडांचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला असं सांगतात. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात आदिवासींची जत्रा भरत आली आहे. या मातीवर आधी कुणाचं नाव लागलं ते उद्यानाच्या व्यवस्थापनानं विसरू नये.

बफरमध्ये प्रश्न आणखी टोकदार आहे. कोअर भरला की तरुण नर बाहेर पडतात, आणि बाहेर ब्रह्मपुरी वनविभागापर्यंत सलग पट्ट्यात गावं, धानाची शेतं आणि झुडपी जंगल आहे. चंद्रपूर जिल्ह्यात मोठ्या संख्येनं वाघ संरक्षित क्षेत्राच्या बाहेर राहतात. एप्रिल-मे मध्ये मोहफूल आणि तेंदूपत्ता वेचायला बाया-माणसं पहाटे जंगलात जातात, खाली वाकून काम करतात. हल्ले नेमके याच हंगामात वाढतात. माणूस दगावला तर राज्य सरकार २५ लाख रुपये देतं, त्यातली काही रक्कम मुदत ठेवीत. गुरं मेली तरी भरपाई आहे, आणि ती वेळेत मिळाली पाहिजे. कारण भरपाई सहा महिने अडकली तर मेलेल्या गाईवर कीटकनाशक पडतं आणि दुसऱ्या रात्री परत आलेला वाघ मरतो. म्हणून तालुक्याच्या कार्यालयातली एक फाइल पुढे सरकवणं हेसुद्धा वाघाचं संरक्षणच आहे.

याशिवाय गावोगावी प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत, त्यात गावातलेच तरुण. वाघ शिवारात आल्याचं कळलं की जमाव आवरायचा, वाट मोकळी ठेवायची, हे त्यांचं काम. राज्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफरमधल्या घरांना गॅस, शौचालय, शेताला सौर कुंपण दिलं जातं. त्यामागचा हिशेब साधा आहे. सरपणासाठी आणि पहाटे उघड्यावर जाण्यासाठी जंगलात जावं लागलं नाही, तर गाठ पडण्याचे प्रसंगच कमी होतात. गावच्या गुरांना लाळ्या-खुरकताच्या लसी टोचतात, कारण तो रोग गुरांकडून गव्यांना आणि चितळांना जडतो.

पर्यटनाबद्दल थोडक्यात. कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच ते चालावं असा नियम आहे. ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद असतो आणि जुलै ते सप्टेंबर पूर्ण बंद. गाड्यांची संख्या ठरलेली, गाइड स्थानिक, आणि प्रवेश शुल्क प्रकल्पाच्या प्रतिष्ठानकडे जमा होऊन तिथल्याच कामांवर आणि गावांवर खर्च होतं. ही व्यवस्था मला योग्य वाटते. दोष आपल्याकडे आहे. वाघ दिसल्यावर फोनवर फोन जाऊन गाड्या गोळा होत, म्हणून डिसेंबर २०१८ पासून ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाइल नेण्यावर बंदी आली. तरीही ३१ डिसेंबर २०२४ ला शेजारच्या उमरेड-करहांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना दोन्हीकडून जिप्सींनी कोंडलं, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ‘अजून थोडी पुढे घ्या ना’ असं ड्रायव्हरला सांगणारा पर्यटक गाडीत असतो, म्हणून ड्रायव्हर गाडी पुढे घेतो. नकार द्यायची ताकद त्याला आपणच द्यायची आहे.

राहिला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी हातात असलेला विषय: बाहेर जाण्याच्या वाटा. ताडोबा उत्तरेला उमरेड आणि नागझिऱ्याकडे, दक्षिणेला कन्हाळगाव अभयारण्य आणि तेलंगणातल्या कवाल व्याघ्र प्रकल्पाकडे जंगलपट्ट्यांनी जोडलेला आहे. या पट्ट्यांवर क्षेत्र संचालकाचा अधिकार चालत नाही. तिथे कोळसा खाणी आहेत, महामार्ग, रेल्वे, गोसेखुर्द धरणाचे काँक्रीटचे कालवे आहेत. सरळ कडांच्या कालव्यात उतरलेल्या जनावराला वर येता येत नाही. पट्टा तुटला की ताडोबातले वाघ आपापसांतच वाढत राहतील आणि जादा झालेल्यांना जायला गावांखेरीज जागा उरणार नाही. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी पकडून नवेगाव-नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. तो उपाय आहे, पण प्रत्येक वाघाला गाडीतून पोहोचवता येणार नाही. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, बऱ्याच भांडणानंतर, प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून ९ बांधकामं झाली, त्यातलं सर्वांत लांब ७५० मीटरचं. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघही आले आणि रानकुत्रेही.

अशा पट्ट्यातून खाण किंवा रस्ता नेण्याचा निर्णय फाइल पुढे गेल्यावर बदलणं जवळजवळ अशक्य असतं. तो आधीच बदलावा लागतो. मोठ्या खाणीसारख्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते, आणि तिची नोटीस किमान ३० दिवस आधी स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापावी लागते. आक्षेप लेखी देता येतो, सुनावणीत उभं राहून बोलता येतं आणि ते इतिवृत्तात नोंदवावंच लागतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, चिमूर, भद्रावतीकडच्या ज्या कुणाला ताडोबासाठी काही करावंसं वाटतं, त्यांनी या नोटिसांवर लक्ष ठेवावं, नकाशावर ती जागा कोणत्या पट्ट्यात येते ते पाहावं आणि मुदतीच्या आत आक्षेप पाठवावा.